कॉडल ब्लॉकच्या जोडीला काय घालायचं?

दहा किलो वजनाच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळी झालं, तर दुपारपर्यंत ते सहसा निवांत असतं. रडारड सुरू होते ती नंतर. पूर्ण भूल दिल्यावर भूलतज्ज्ञ मुलाला कुशीवर वळवतात, माकडहाडाच्या जरा वर असलेल्या फटीतून सुई घालतात, रक्त किंवा मणक्यातलं पाणी येत नाही ना हे सिरिंज मागे ओढून बघतात आणि बधिर करणारं औषध सावकाश सोडतात. हाच कॉडल ब्लॉक. ०.२५ टक्के बुपिव्हाकेन किलोमागे १ मिलि दिलं, तर या मुलाला २५ मिलिग्रॅम औषध मिळतं. किलोमागे २.५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा तिथेच गाठली जाते. परिणाम साधारण ४ ते ६ तास टिकतो. डोस वाढवून तो लांबवायला गेलं, तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते.

म्हणून त्याच सिरिंजमध्ये दुसरं औषध मिसळतात. सध्या सर्वाधिक भरवशाची दोन: क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिन, किलोमागे १ ते २ मायक्रोग्रॅम. मज्जारज्जूत वेदनेचे निरोप जिथे पुढे सोपवले जातात, तिथे ही औषधं ते दाबतात. क्लोनिडिनने साधारण तीन-चार तासांची भर पडते. बदल्यात मूल जास्त वेळ गुंगीत राहतं, नाडी आणि रक्तदाब उतरू शकतात. नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत श्वास थांबण्याचा धोका असल्याने तिथे हे टाळलेलंच बरं.

खरी चूक होते ती मापात. डेक्समेडेटोमिडिनच्या अँप्युलमध्ये १ मिलिला १०० मायक्रोग्रॅम असतात. आपल्या मुलाला हवेत १०, म्हणजे ०.१ मिलि. सुईच्या बुडाशी अडकलेला थेंबही इथे हिशेब चुकवतो. त्यामुळे आधी १ मिलि औषध सलाइनने १० मिलि करायचं; मग १ मिलित बरोबर १० मायक्रोग्रॅम येतात. या सिरिंजवर लगेच लेबल लावायचं. पातळ केलेलं आणि मूळ औषध दिसायला सारखंच. अदलाबदल झाली की डोस थेट दहापट.

मॉर्फिन (किलोमागे ३० ते ५० मायक्रोग्रॅम) सर्वांत लांब, १२ ते २४ तास पोचतं. पण खाज, उलट्या, लघवी अडकणं आणि कित्येक तासांनी मंदावणारा श्वास हेही सोबत येतं. रात्रभर ऑक्सिजन मोजणारं यंत्र आणि जागी नर्स नसेल, तिथे ते देऊ नये. त्याच दिवशी घरी जाणाऱ्या मुलाला तर नाहीच. केटामाइन या भुलीच्या औषधाने वेळ चांगला वाढतो, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत मज्जातंतूंना इजा दिसल्याने त्याचा मोह टाळावा. पुन्हा पुन्हा वापरायच्या बाटलीतलं तर मुळीच नको. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं. मॉर्फिनच्याच जातीच्या फेंटानिलने फारसा वेळ वाढत नाही, उलट्या मात्र वाढतात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शिरेतून दिलं तरी ब्लॉक लांबतो, मग ते मणक्यात कशाला सोडायचं?

यातलं काहीही घातलं, तरी पॅरासिटामॉल सुटत नाही. किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला १५०, दर ६ तासांनी. पहिला डोस ब्लॉक उतरण्याआधी द्यायचा, आणि पुढच्या डोसची वेळ डिस्चार्जच्या कागदावर आकड्यात लिहायची. ‘दुखलं तर द्या’ असं लिहिलं, की आईवडील मूल रडेपर्यंत थांबतात.