पार्श्वभूमी: ‘लासारियो’तून १५७३ साली काय कापलं गेलं

‘लासारियो दे तोर्मेस’ या स्पॅनिश कादंबरीच्या १५५४मधल्या चार आवृत्त्या आज हाती आहेत: बुर्गोस, अँटवर्प, अल्काला आणि मेदिना देल काम्पो. मेदिनाची प्रत १९९२मध्ये बार्कारोता गावातल्या एका घराच्या भिंतीत, दडवलेल्या इतर पुस्तकांसोबत सापडली. १५५९च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत हे पुस्तक आलं होतं.

बंदीने वाचन थांबलं नाही. म्हणून १५७३मध्ये छाटून छापण्याची वाट काढली गेली. काम राजदरबारातल्या एका अधिकाऱ्याने केलं. स्पेनमध्ये बंदी असली तरी पुस्तक बाहेर सर्रास छापलं जातं, हे त्याने प्रस्तावनेत उघड मान्य केलं आहे. सातपैकी चौथं आणि पाचवं प्रकरण त्याने काढून टाकलं. इतर ठिकाणची काही वाक्यंही गाळली.

काय राहू दिलं, ते मुद्दाम पाहावं. कथानायक लासारो पोरवयात ज्याच्याकडे नोकर असतो, तो त्याला चार दिवसांना एक कांदा देणारा मकेदा गावचा पाद्री राहिला. लासारोच्या बायकोशी ज्याचं नाव जोडलं जातं, तो तोलेदोचा वरिष्ठ पाद्रीही राहिला. गेला तो जेमतेम काही ओळींतला मठवासी आणि पापमुक्तीपत्रांचा, म्हणजे पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चर्चच्या पत्रांचा, विक्रेता. या विक्रेत्याचं अंमलदाराशी संगनमत असतं. अंमलदार भर चर्चमध्ये तोंडाला फेस आणून कोसळतो, डोक्यावर पत्र ठेवताच शुद्धीवर येतो आणि पत्रं हातोहात खपतात. अशा पत्रांच्या विक्रीतून राजाच्या खजिन्यात मोठी रक्कम जात असे. एखाद्या पाद्र्याचा हावरटपणा चालवून घेता येत होता, महसुलाचा मार्ग उघडा पाडणं नव्हे. या कात्रीमागे फक्त धर्माची काळजी होती, हे म्हणूनच पटत नाही.

कथेचंही नुकसान झालं. लासारोला आयुष्यातले पहिले जोडे चौथ्या प्रकरणात मिळतात. ते गेल्यावर उपाशी हिदाल्गोच्या, म्हणजे कफल्लक खानदानी मालकाच्या, घरातून तो जवळजवळ थेट पाणी विकायच्या धंद्यात येतो, जिथे धर्मगुरू मालकाला रोज ३० माराव्हेदी (तेव्हाची स्पॅनिश नाणी) द्यावे लागतात. भूक ते कमाई हा चढच तुटतो.

१५९९मध्ये ‘गुझमान दे अल्फाराचे’ ही अशाच धाटणीची कादंबरी गाजली आणि ‘लासारियो’ पुन्हा छापलं जाऊ लागलं. स्पेनमध्ये मात्र छाटलेलंच. अखंड संहिता तिथे १८३४मध्ये परतली.

जुनी प्रत किंवा भाषांतर हाती आलं, तर आधी जोड्यांचं प्रकरण शोधावं. ते नसेल तर ती प्रत १५७३च्या छाटलेल्या आवृत्तीवरून आली आहे. पाचव्या प्रकरणात तापलेल्या क्रुसाचा खोटा चमत्कार असेल, तर ती भर अल्कालाची.