गेम कन्सोलवर चित्रपट व मालिका उतरवून घेणे (सोलापूर)

टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेम कन्सोलवरूनच चित्रपट किंवा मालिकेचा भाग विकत वा भाड्याने घेऊन तो कन्सोलच्या हार्ड डिस्कवर डाउनलोड करून पाहण्याची पद्धत. संगणक लागत नसे, डिस्क लागत नसे. खात्यात पैसे, हार्ड डिस्कवर जागा आणि दमाचे इंटरनेट एवढे असले की भागे. सोलापुरात कन्सोल आले ते पोरांच्या खेळासाठी, पण बहुतेक घरांत टीव्ही एकच, त्यामुळे त्याच यंत्रावर सिनेमाही लागू लागला. सिनेमे विकणारे कन्सोलवरचे मूळ ऑनलाइन दुकान मात्र सुरुवातीची वर्षे भारतासाठी बंदच होते. ते बंद असताना सोलापूरकरांनी काढलेल्या वाटा हा या विषयाचा इथला खरा इतिहास आहे.

मायक्रोसॉफ्टने २२ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० वर ही विक्री सुरू केली. मालिकांचे भाग कायमचे विकत मिळत, चित्रपट फक्त भाड्याने. भाड्याचा चित्रपट चौदा दिवसांच्या आत सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की चोवीस तासांत पाहून संपवायचा. मुदत टळली की फाइल उघडत नसे. कन्सोलची हार्ड डिस्क २० जीबीची, त्यातली जेमतेम १३ जीबी वापरता येई. म्हणजे एचडी दर्जाचे दोन-तीन सिनेमे भरले की आधीचे काढून टाकायचे. सोनीने प्लेस्टेशन ३ साठी अशीच सेवा जुलै २००८ मध्ये आणली, तीही आधी अमेरिकेतच. दोन्हीकडे तत्त्व एक : फाइल कुलूपबंद येते आणि तिची किल्ली, म्हणजे परवाना, ग्राहकाच्या खात्याशी व यंत्राशी बांधलेली असते. फाइल कॉपी करून शेजाऱ्याला दिली तरी त्याच्याकडे ती चालत नाही.

एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आणि प्लेस्टेशन ३ हे २००७ मध्ये विक्रीला आले. सेवा तेव्हा इथे सुरू झाली असती, तरी सोलापूरच्या टेलिफोन लाइनवर ती कशी चालली असती हे हिशेब मांडला की कळते. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. त्या वेगाने ५ जीबीचा एक सिनेमा उतरायला साधारण ४३ तास लागतात, आणि तेही लाइन एकदाही न तुटता. २ एमबीपीएस मिळाले तर साडेपाच तास. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ हे सहा तास वापर मोजला जात नसे, तेव्हा एक सिनेमा एका रात्रीत जेमतेम बसला असता. त्या वेळेत कन्सोलवाले खेळांचे डेमो आणि ट्रेलर लावून झोपत. डाउनलोड संपले की आपोआप बंद होण्याची सोय एक्सबॉक्स ३६० मध्ये २००७ च्या वसंतातल्या अपडेटने आली आणि ती रात्रीच्या डाउनलोडसाठी फार उपयोगाची ठरली. त्या वर्षांत लोडशेडिंगही जोरात होते. डाउनलोड पुन्हा तिथूनच सुरू होई, पण हार्ड डिस्कवर लिहिणे चालू असताना लाइट गेली तर डिस्कलाच धोका असतो. त्यामुळे कन्सोल इन्व्हर्टरवर ठेवणे शहाणपणाचे.

इथे पसरली ती पेन ड्राइव्हची वाट. डिसेंबर २००७ मधील अपडेटने दोन्ही कन्सोल डिव्हएक्स प्रकारचे (आकार दाबून लहान केलेले) व्हिडिओ चालवू लागले आणि खेळाचे यंत्र घरचा व्हिडिओ प्लेअर झाले. लग्नाचे शूटिंग, बारसे, सिद्धेश्वर यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक हे सारे मोठ्या टीव्हीवर दिसू लागले. यात एक मेख होती. प्लेस्टेशन ३ फॅट३२ पद्धतीने (ड्राइव्हवर फाइली मांडण्याची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केलेलाच ड्राइव्ह वाचते आणि फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. मोठ्या फाइलचे संगणकावर दोन तुकडे करावे लागत, आणि सिनेमा असेल तर तुकडा पाडायची सोयीची जागा म्हणजे मध्यंतर. दुसरी अडचण एमकेव्ही या प्रकारच्या व्हिडिओ फाइलींची. एकाच फाइलमध्ये तेलुगू आणि हिंदी असे दोन ऑडिओ या प्रकारात सहज राहतात, पण त्या पिढीतली दोन्ही कन्सोल ती उघडतच नसत. ही उणीव सोलापूरला जास्त जाणवणारी होती. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरांत आजी तेलुगूत पाहणार, नातवंडे हिंदी किंवा मराठीत. अक्कलकोट भागातून आलेल्या घरांत कन्नडची भर. एमकेव्हीची सोय एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ४ यांवर २०१४-१५ च्या सुमारास आली.

कन्सोलची निगा हाही इथे वेगळा विषय आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि यंत्रमागांच्या आसपासच्या वस्तीत कापसाचे बारीक तंतू हवेत असतात. ते पंख्याच्या जाळीवर साचले की आतली हवा कोंडते. सिनेमा उतरवताना यंत्र तासन्‌तास चालू राहते, म्हणून जाळी मऊ ब्रशने नेमाने साफ करावी आणि कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नये.

पेन ड्राइव्हवर फिरणारे सगळेच काही घरचे नव्हते, हे इथे नोंदवायलाच हवे. परवानगीशिवाय चित्रपटाची प्रत काढणे व वाटणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ खाली गुन्हा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर परवान्याचे डिजिटल कुलूप त्या हेतूने तोडणेही.

२०१६ मध्ये चित्र पालटले. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झाले आणि पुढे फायबर घराघरांत शिरले. ५० एमबीपीएसवर तोच ५ जीबीचा सिनेमा सव्वातेरा मिनिटांत उतरतो. पण वेग आला तोवर उतरवून ठेवायची गरजच मागे पडली होती. कन्सोलवर आता नेटफ्लिक्ससारख्या ॲपमधून सिनेमा उतरवून न घेता थेट इंटरनेटवरून दिसतो. नेटफ्लिक्सचे डाउनलोडचे बटण मोबाइलवर आहे, कन्सोलवर नाही. सोनीने चित्रपट व मालिकांची विक्री आणि भाडे ३१ ऑगस्ट २०२१ रोजी थांबवले, मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये. एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्येच बंद झाले होते.

विकत घेतलेल्या गोष्टीचे पुढे काय, हा प्रश्न ग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने कळवले की डिस्कव्हरीच्या, लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या मालिका वर्षअखेरीस त्यांच्या संग्रहातून काढल्या जातील. ओरड झाल्यावर नवा करार होऊन निर्णय मागे घेतला गेला. पण जर्मनी व ऑस्ट्रियात २०२२ मध्ये स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीचे चित्रपट खरोखरच गेले. ‘खरेदी करा’ असे लिहिलेल्या बटणामागे फक्त पाहण्याचा परवाना मिळतो. इतकी महत्त्वाची अट छोट्या अक्षरांत दडवणे अन्यायाचे आहे. ती बटणाशेजारीच ठळक लिहिली पाहिजे.

चित्रपट हाताशी ठेवायचाच असेल तर कन्सोलपुरता भरवशाचा मार्ग ब्लू-रे डिस्कचा (डीव्हीडीच्या पुढची, एचडी सिनेमा मावणारी डिस्क) उरतो. मराठी चित्रपट ब्लू-रेवर फारसे आले नाहीत, ही त्याची मोठी मर्यादा. तरीही कन्सोल घेताना डिस्क ड्राइव्ह पाहून घ्यावा : एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये तो नाहीच, आणि प्लेस्टेशन ५ डिजिटलच्या २०२३ पासूनच्या बारीक मॉडेलला तो वेगळे पैसे भरून जोडता येतो.