सोलापूरच्या माकडांची पार्श्वभूमी

जंगल तुटले म्हणून माकडे शहरात आली, असे सरसकट सांगितले जाते. सोलापूरच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे पडते; कारण या अवर्षणप्रवण, माळरानांच्या जिल्ह्यात घनदाट जंगल मुळातच फारसे नाही. नान्नज परिसरातील माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले, तेही गवताळ माळासाठी. अशा प्रदेशात माकडांना आधार मिळतो तो बहुतांशी माणसाने लावलेल्या झाडांचा, म्हणजे रस्त्याकडेचे वड-पिंपळ, चिंचा, देवळाभोवतीची झाडी आणि आमराया यांचा. त्यामुळे माणसाचा शेजार त्यांना नवा नाही.

दक्षिण भारतात अशा झाडांवर प्रामुख्याने दोन जाती आढळतात. काळ्या तोंडाच्या वानराचे जठर कप्प्यांचे असते आणि त्यात पाला आंबवून पचवला जातो, म्हणून शहरातही ते झाडांना अधिक धरून राहते. टोपीमाकड (डोक्यावरचे केस टोपीसारखे दिसणारे माकड, बॉनेट मकाक) मात्र सर्वभक्षी आहे. त्याच्या गालांत पिशव्या असतात. हाती लागेल ते त्यांत भरून घ्यायचे आणि सुरक्षित जागी जाऊन निवांत चावायचे, ही सवय बाजारपेठेला आणि देवळाच्या आवाराला जणू बेतूनच घेतलेली आहे. माद्या जन्माच्या टोळीतच राहतात, त्यामुळे खाणे कुठे व केव्हा मिळते याची माहिती टोळीत टिकून राहते. कर्नाटकातील बांदीपूर राष्ट्रीय उद्यानातली टोपीमाकडे तर पर्यटकांपुढे हात पसरून, ठरावीक आवाज काढून खाऊ मागताना अभ्यासकांनी नोंदवली आहेत. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर केळी वाटणाऱ्या भाविकांना हे आश्चर्याचे वाटू नये.

खरा बदल रस्त्यांनी घडवला. महामार्ग रुंद करताना जुनी झाडे गेली की टोळ्यांची फळे, सावली आणि रात्रीचा निवारा एकदमच जातो. म्हैसूर परिसरात टोपीमाकडांची संख्या सुमारे 25 वर्षांत निम्म्याहून अधिक घटल्याचे माकडांचे अभ्यासक मेवा सिंग व सहकाऱ्यांच्या पाहणीत दिसले, आणि रस्त्याकडेची झाडे नाहीशी होणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. गच्चीवर माकडे वाढल्याची तक्रार आणि एकूण संख्येतील घट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे चर्चेत सहसा निसटते.

वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर टोपीमाकड पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहे. साहजिकच ते पकडण्याचा निर्णय गृहनिर्माण सोसायटीला परस्पर घेता येत नाही. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. शिवाय पकडलेली टोळी दूर नेऊन सोडली, तरी उघडा कचरा आणि वाटला जाणारा खाऊ तसाच राहिल्यास रिकामी झालेली जागा दुसरी टोळी घेऊ शकते.