हृदय सीटी तपासणीतील प्रारण मात्रा नियंत्रण

हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीत (शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडून क्ष-किरणांनी रक्तवाहिन्यांचे चित्रण) क्ष-किरणांची मात्रा रोगनिदानाला पुरेल अशी प्रतिमा मिळण्यापुरतीच ठेवण्याच्या पद्धती. नाशिकच्या स्कॅन केंद्रांत तपासणीला नुसते ‘सीटी अँजिओ’ म्हणतात आणि मात्रेला ‘रेडिएशन’. छापील मराठीत ‘किरणोत्सर्ग’ सर्रास आढळतो. पण तो किरणोत्सर्गी पदार्थांचा गुणधर्म. क्ष-किरण नळी बंद झाली की प्रारण थांबते, अंगात काही उरत नाही. ‘घरी गेल्यावर नातवाला जवळ घेतलं तर चालेल ना?’ या प्रश्नाचे मूळ बहुधा या शब्दातच असावे.

मोजमाप : यंत्र दाखवते तो आकडा मात्रा-लांबी गुणाकाराचा (डीएलपी), मिलिग्रे-सेंटिमीटरमध्ये. त्याला गुणांक लावून परिणामी मात्रा (इंद्रियांची संवेदनशीलता धरून काढलेली पूर्ण शरीराची मात्रा) मिलिसीव्हर्टमध्ये काढतात, आणि वाद आहे तो या गुणांकाचा. छातीसाठी ठरवलेला 0.014 हा गुणांक बरीच वर्षे हृदयालाही लावला गेला. पण हृदयाच्या स्कॅनचा पट्टा आखूड असतो आणि स्तन व फुप्फुसे ही संवेदनशील इंद्रिये नेमकी त्यात येतात. शिवाय 2007 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत स्तनाचा भारांक (एकूण धोक्यातला वाटा) 0.05 वरून 0.12 झाला. 2018 च्या सुमारास हृदयासाठी 0.026 हा गुणांक सुचवला गेला. फरक लहान नाही. हृदय सीटीतील मात्रा मोजणाऱ्या ‘प्रोटेक्शन’ या बहुकेंद्री पाहण्यांत मध्यक डीएलपी 2007 मध्ये 885, तर 2017 मध्ये 195 आढळला. जुन्या गुणांकाने ही घट सुमारे 12 वरून 3 मिलिसीव्हर्टवर, नव्याने 23 वरून 5 वर. 78 टक्के हे घटीचे प्रमाण मात्र दोन्हीकडे तेच. म्हणून अहवालात मूळ डीएलपी लिहिणे अधिक भरवशाचे. नुसता मिलिसीव्हर्टचा आकडा गुणांक सांगितल्याशिवाय तुलनेला निरुपयोगी ठरतो.

उपाय : सर्वांत स्वस्त उपाय यंत्रात नाही, हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या मेटोप्रोलॉलच्या गोळीत आहे. ठोके मिनिटाला साठीच्या आसपास आले, की ईसीजीतील आर-लहरीनंतर (प्रत्येक ठोक्याचे उंच टोक) हृदय शिथिल असतानाच्या क्षणापुरतेच किरण सोडता येतात. जुन्या पद्धतीत ते पूर्ण चक्रभर चालू राहत. पहाटेच्या एसटीने कळवणहून निघालेला माणूस स्टँडवर चहा घेऊनच येतो, आणि पडद्यावर ठोके नव्वद. मग गोळी देऊन बाकावर तासभर थांबवतात. टेबलावर घेतल्यावर श्वास रोखण्याची रंगीत तालीम होते. तंत्रज्ञाची नजर तेव्हा रुग्णाकडे कमी, ठोक्यांच्या आकड्याकडे जास्त असते. हे ईसीजी-नियंत्रित चित्रण 64-स्लाइस (एका फेरीत 64 काप टिपणाऱ्या) यंत्रांवर साधारण 2006 नंतर रुळले. त्याला नवा शोध म्हणतात ते तितकेसे बरोबर नाही. इलेक्ट्रॉन-शलाका सीटी या जुन्या प्रकारच्या यंत्रात ते आधीपासून होते.

नळीचा दाब 120 वरून 100 किलोव्होल्ट केल्यास मात्रा सुमारे 31 टक्के उतरते. गोंगाट (प्रतिमेतील दाणेदारपणा) वाढतो, पण आयोडीनची शोषण-कडा (जिच्या लगेच वर ते क्ष-किरण एकदम जास्त शोषते ती ऊर्जा) 33.2 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला असल्याने रक्तवाहिन्या उलट अधिक उजळ दिसतात. स्थूल देह, स्टेंट किंवा दाट कॅल्शियम असेल तर हा हिशेब बिघडतो. कॅल्शियम स्कोअरसाठी (हृदयवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचे मोजमाप) दाब सहसा 120 वरच ठेवतात, कारण कॅल्शियम ओळखण्याची 130 हाउन्सफील्ड एककांची (सीटीतील घनतेचे माप) सीमारेषा कमी दाबाला लागू पडत नाही.

मात्रा निम्मी केल्यास गोंगाट सुमारे 1.4 पट होतो. तो पुनरावृत्त पुनर्रचनेने, म्हणजे प्रतिमा पुन्हापुन्हा गणिताने सुधारत नेऊन, दाबतात. हे गणितही पोलिश गणितज्ञ काचमार्झच्या 1937 च्या पद्धतीपर्यंत मागे जाते. अति दाबल्यास प्रतिमा मेणचट दिसते आणि रक्तवाहिनीतल्या बारीक थराची कडा पुसट होते.

नियमन : भारतात सीटी यंत्रांचे परवाने अणुऊर्जा नियामक मंडळ देते. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही, तेथे निर्णय तपासणीच्या गरजेवर. क्ष-किरण निदानशास्त्राचे राज्यातील बरेचसे पदव्युत्तर शिक्षण ज्याच्याशी संलग्न आहे ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्था. 1998) नाशिकलाच, दिंडोरी रस्त्यावर आहे.