‘आई म्हण’ म्हटल्याने नातं जुळत नाही

‘पहिल्या दिवसापासून आई म्हणायला लावा, मूल लवकर रुळेल’ हा सल्ला घरात सावत्र आई आली की आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. सावत्र कुटुंबांसोबत अनेक वर्षं काम केलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाउ सांगतात की असं घर बसायला महिने नव्हे, वर्षं लागतात. नवं माणूस आवडू लागलं की मुलाला आपल्या आईशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. त्यात हाकेची सक्ती केली की ते मूल आणखी मिटून बसतं. सुरुवातीला शिस्तही सख्ख्या पालकानेच लावावी.

माझ्या काकूने काकांच्या पहिल्या बायकोचा फोटो उतरवू दिला नाही. सणाला नैवेद्याचं पहिलं पान तिथेच. त्या पहिल्या बायकोची मुलगी, माझी चुलतबहीण, काकूला आजही ‘मावशी’च म्हणते, आणि माहेरपणाला तिच्याकडेच येते.