वाकणाऱ्या प्लॅस्टिकचा नेमकेपणा

ऑगस्ट १८९७. सिकंदराबादेत ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस डासांची पोटं उघडून मलेरियाचा परजीवी शोधत होता. कपाळाच्या आणि हातांच्या घामाने आपल्या मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते आणि उरलेल्या एकमेव नेत्रभिंगालाही तडा गेला होता, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. २० ऑगस्टला त्याला हवं ते दिसलं, पुढे १९०२ चं नोबेलही मिळालं, म्हणून ही तक्रार आज गमतीची वाटते. पण उष्ण, दमट हवेत मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्यांचं दुखणं तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. पावसाळ्यात भिंगांवर चढणारी बुरशी कोकणातल्या विज्ञान शिक्षकांना सांगायला नको.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गरीब देशांमधली सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणं बंद पडलेली आढळली. यातली कित्येक देणगी म्हणून आलेली असतात. फुकट आलेलं यंत्र बंद पडतं ते क्षुल्लक कारणाने, आणि बंदच राहतं, कारण सुटा भाग दुसऱ्या खंडातून मागवावा लागतो आणि आतला नकाशा कंपनीच्या कपाटात असतो. तेव्हा खरी अडचण किमतीची कमी आणि उघडून दुरुस्त करता न येण्याची जास्त आहे, असं मला वाटतं. ‘स्वस्त विज्ञाना’च्या कौतुकात हा भाग नेहमी मागे पडतो.

ओपनफ्लेक्शर हा थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारा, खुल्या आराखड्याचा मायक्रोस्कोप मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. केंब्रिजमध्ये रिचर्ड बोमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, स्लाइड सरकवणारी एकसंध चौकट जाहीर केली. पुढे बाथ आणि ग्लासगो विद्यापीठांत तिचा पूर्ण मायक्रोस्कोप झाला.

साध्या मायक्रोस्कोपमध्ये धातूच्या खाचेत धातूची पट्टी सरकते. हे दोन भाग फार काटेकोर घासावे लागतात आणि ते खर्चाचं काम आहे. शिवाय वंगण, धूळ, गंज, आणि गुंडी उलटी फिरवली की जाणवणारा तो ‘खुळखुळा’. ओपनफ्लेक्शरमध्ये सरकणारं काही नाही. आहे ते वाकणारं. शाम्पूच्या बाटलीचं टोपण जसं प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर उघडतं-मिटतं, तशा पट्ट्या या चौकटीच्या पायांना वर-खाली आहेत. पाय समांतर असल्यामुळे मंच, म्हणजे स्लाइड ठेवायची जागा, कलत नाही, नुसता बाजूला सरकतो. घर्षण नाही, म्हणून झिजही जवळजवळ नाही. हालचाल मोजक्या मिलिमीटरची मिळते, पण रक्ताच्या ठिपक्याला तेवढी पुरते.

ही हालचाल घडवणारी मोटर एसीच्या झडपा फिरवणारी साधी स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी मोटर, आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती शे-दोनशे रुपयांना मिळते. तिच्या एका फेऱ्यात सुमारे चार हजार पावलं असतात. ३ मिलिमीटर जाडीचा नेहमीचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढे जातो. भागाकार केला की एका पावलाला साधारण १२० नॅनोमीटर, म्हणजे ०.१२ मायक्रॉन येतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि मधली दातेरी चाकं ते आणखी कमी करतात. रबरी ओ-रिंग स्क्रूवर सतत ताण ठेवते, त्यामुळे आट्यांमधला सैलपणा जाणवत नाही. लाल रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची, तिच्यातला मलेरियाचा कोवळा परजीवी दोन-तीन मायक्रॉनचा. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्याला पुरून उरतो.

फोकसची युक्ती तर मला यंत्राहूनही आवडते. शंभरपट ऑब्जेक्टिव्ह भिंगाखाली (म्हणजे स्लाइडजवळच्या मुख्य भिंगाखाली) स्लाइड एक मायक्रॉन वर-खाली झाली तरी चित्र धूसर होतं. स्पष्टता मोजायला किचकट गणित लागतं आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक त्यात रेंगाळतो. पण कॅमेरा प्रत्येक चित्र जेपेग पद्धतीने आकुंचित करून पाठवतोच. धूसर चित्रात बारकावे कमी, म्हणून फाइल लहान. स्पष्ट चित्र सहजी आकुंचित होत नाही, म्हणून फाइल मोठी. मग मंच वर-खाली न्यायचा आणि फाइल सर्वांत मोठी जिथे झाली तिथे थांबायचं. चित्र उघडून बघायचीही गरज नाही.

हे जमल्यामुळे यंत्र स्लाइडवर आपोआप फिरून एकामागून एक भाग टिपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार स्लाइड ‘मलेरिया नाही’ म्हणण्याआधी किमान शंभर दृश्यक्षेत्रं, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे भाग, तपासावी लागतात. दिवसभर तेच करणाऱ्या तंत्रज्ञाची मान आणि डोळे काय म्हणत असतील!

टांझानियात दार-ए-सलामच्या बोंगो टेक या कंपनीने हे मायक्रोस्कोप तिथेच छापले, जोडले आणि इफाकारा आरोग्य संस्थेच्या मलेरिया संशोधकांनी ते वापरून पाहिले. २०२० च्या शोधनिबंधावर ब्रिटिश संशोधकांसोबत या टांझानियन मंडळींचीही नावं आहेत. भाग तुटला तर तो गावातच पुन्हा छापता येतो. संपूर्ण आराखडा मजकुराच्या रूपात, प्रोग्रामसारखा लिहिलेला आहे आणि इंटरनेटवर खुला आहे. आकडा बदलला की भागाचा आकार बदलतो. सुधारणा केलीत तर तीही खुली ठेवा, ही अट.

खुलेपणाचं अवघड काम मात्र आराखड्यात नसून जोडणीच्या सूचनांमध्ये असतं. कुठला नट आधी, किती आवळायचा, हे बनवणाऱ्याच्या हाताला माहीत असतं आणि कागदावर येत नाही. या गटाने त्या सूचना नीट लिहिण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअरच तयार केलं. इतर अनेक खुल्या प्रकल्पांत नेमका इथे आळस दिसतो: फाइली टाकल्या, झालं.

मर्यादाही आहेत. ऑब्जेक्टिव्ह भिंग छापता येत नाही, विकतच घ्यावं लागतं. चौकट छापायला वापरलं जाणारं पीएलए हे प्लॅस्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. उन्हात बंद गाडीत ठेवलेली चौकट वाकडी होऊ शकते. आणि संशोधनासाठी वापरणं वेगळं, रुग्णाला निदान देणं वेगळं. निदानाच्या उपकरणाला प्रमाणपत्र हवं आणि ते देताना विचारलं जातं, उत्पादक कोण? आराखडा कोणीही बदलू शकत असेल तर जबाबदार कोण? व्यवहार्य उत्तर एकच दिसतं: एक आवृत्ती गोठवायची, ती बनवणाऱ्या स्थानिक कारखान्याने गुणवत्ता तपासणी आणि नोंदी ठेवायच्या आणि प्रमाणपत्र त्या कारखान्याच्या नावे घ्यायचं. हा खर्च प्लॅस्टिकच्या खर्चाहून कितीतरी मोठा आहे आणि तो उचलायला देणगीदार सहसा पुढे येत नाहीत.

कॉलेजात कोणाला हे करून पाहायचं असेल तर महागडं ऑब्जेक्टिव्ह लगेच घेऊ नये. रास्पबेरी पायच्या कॅमेऱ्याचं स्वतःचं इवलं भिंग काढून, सेन्सरपासून दूर बसवून हाच मायक्रोस्कोप चालतो. त्यातून मलेरियाचं निदान होणार नाही, पण कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी छान दिसतात, आणि चौकट नीट छापली गेली आहे का तेही कळतं.