शाखेतला सर्व्हर: कॅश की रेप्लिका?

"नेट हळू आहे ना, मग शाखेत एक सर्व्हर बसवून टाका." हा सल्ला हमखास मिळतो. पण त्या सर्व्हरने करायचं काय, हे ठरवल्याशिवाय खरेदी केली तर पैसे वाया जायची भीती मला वाटते. कॅश आणि रेप्लिका दोन्ही शाखेत प्रती ठेवतात, म्हणून सारखेच वाटतात. लाइन तुटते त्या दिवशी मात्र फरक कळतो.

समजा, हेड ऑफिस पुण्यात, शाखा अक्कलकुव्याला, लाइन 2 एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट. 50 एमबीचा, म्हणजे 400 मेगाबिटचा नकाशा उघडायला लाइन पूर्ण मोकळी असली तरी 200 सेकंद लागतात. तोच नकाशा दहा जणांनी उघडला, की तो पुण्याहून दहादा येतो.

कॅश ही पुन्हापुन्हाची ये-जा वाचवते. पहिल्याने उघडलेल्या नकाशाची प्रत शाखेत राहते आणि बाकीच्यांना ती तिथूनच मिळते. विंडोज सर्व्हर 2008 आर2 पासून असलेली ब्रँचकॅश ही विंडोजची सोय हेच करते. पण मूळ फाइल पुण्यातच असते. शाखेतला संगणक दर वेळी आधी पुण्याला विचारतो: मला परवानगी आहे का, फाइल बदलली का? उत्तरात फाइलच्या तुकड्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणा, येतात. ते अगदी लहान असतात, म्हणून वेळ वाचतो. लाइन गेली की हे विचारणंच थांबतं आणि शेजारच्या खोलीत प्रत असूनही नकाशा उघडत नाही. सेव्ह केलेलं तर थेट पुण्यालाच जातं. आणखी एक: शेअर फोल्डरसाठी ब्रँचकॅश मुळात 80 मिलिसेकंदांपेक्षा जास्त लेटन्सी (विचारणा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) असेल तरच जागं होतं. तुमची लेटन्सी 60 मिलिसेकंद असेल, तर ग्रुप पॉलिसीत (सगळ्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) हा आकडा खाली आणा.

रेप्लिका म्हणजे अख्खा फोल्डरच शाखेत. विंडोज सर्व्हरमधली डीएफएस रेप्लिकेशन ही सोय दोन्हीकडचे फोल्डर सारखे ठेवते. ती पुढे फक्त बदललेले तुकडे पाठवते, पण पहिली भरणी जड असते. 200 जीबी या लाइनवरून पाठवायला नऊ दिवसांहून जास्त लागतील. डिस्कवर कॉपी करून ती गाडीने न्या. लाइन तुटली तरी शाखेचं काम चालू राहतं. पण यात फाइलला कुलूप लागत नाही. पुण्यात आणि शाखेत एकाच वेळी तीच एक्सेल बदलली, तर शेवटी सेव्ह झालेली टिकते. दुसरी एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि तिच्यावर राबलेल्या माणसाला साधा निरोपही मिळत नाही. शाखेत चुकून डिलीट केलेली फाइल पुण्यातूनही जाते, म्हणून बॅकअप वेगळा हवाच.

बरेच जण विसरतात ते लॉगिन. डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, फक्त पुण्यात असेल, तर लाइन तुटल्यावर काही तासांत रेप्लिकाचं दारही बंद होतं, कारण ओळख पटवणारं कुणी नसतं. शाखेसाठी रीड-ओन्ली, म्हणजे ज्यात बदल करता येत नाहीत असा, डोमेन कंट्रोलर ठेवा आणि शाखेतल्या माणसांचे व संगणकांचे पासवर्ड त्यात साठवायची परवानगी द्या. ती आपोआप मिळत नाही.

शाखा बहुतेक वाचतेच आणि लाइन हळू असली तरी सहसा तुटत नाही, तर मी कॅशच घेईन. लाइन दिवसदिवस जात असेल तर रेप्लिका, पण फोल्डर वाटून: शाखेच्या फोल्डरात फक्त शाखेने लिहायचं, पुण्याच्या फोल्डरात फक्त पुण्याने.